संसार, दाखला आणि निवृत्तिवेतन



या वसंत व्याख्यानमालेचे निमंत्रण मला आले, तेव्हा पत्रात लिहिले होते की, कामगार चळवळीतील एखाद्या प्रश्नावर आपण बोलावे. बोनस, कंत्राटी पद्धत, बंद पडलेल्या गिरण्या यांवर मी दोन तास सहज बोलू शकतो. तीस वर्षे दुसरे केले तरी काय? पण मी चालकांना कळविले की, मला आयर्लंडच्या संसदेत झालेल्या एका वादावर बोलावयाचे आहे. लग्न न करता एकत्र राहिलेल्या जोडप्यातील एक जण वारला, तर मागे राहिलेल्या दुसऱ्याला निवृत्तिवेतन मिळावे की नाही, हा तो वाद. चालकांचा मला दूरध्वनी आला. विषय चुकून दुसऱ्या वक्त्याचा तर माझ्या नावावर पडला नाही ना, असे त्यांनी फार सभ्यपणे विचारले. नाही, विषय माझाच आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, शब्दकोश उशाशी घेऊन. या वादातले निकालपत्रही मी तसेच वाचले आणि त्याला मला तीन आठवडे लागले. तेव्हा उच्चारात किंवा अर्थात कोठे चूक झाली, तर सभेतल्या वकीलमंडळींनी ती शेवटी दुरुस्त करावी, मध्येच नव्हे.

आयर्लंड म्हणजे आपल्याला अगदीच परका देश नाही. आपल्या घटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना त्यांच्या १९३७ च्या घटनेवरून घेतलेली आहे, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. गंमत अशी की, कलम ४१ दोन्ही घटनांत आहे. आपल्या कलम ४१ मध्ये म्हातारपण, आजारपण, बेकारी यांत सरकारने माणसाला हात द्यावा असे सांगितले आहे. त्यांचे कलम ४१ कुटुंबाविषयी आहे, आणि ते कुटुंब विवाहावर उभे असते व त्या विवाहसंस्थेचे राज्य रक्षण करील, असे वचन त्यात दिले आहे. आजचे माझे सगळे व्याख्यान या दोन कलम ४१ च्या मधल्या जागेत आहे म्हणाना!

आता हकीकत. आयर्लंडमध्ये एक जोडपे वीस वर्षे एकत्र राहिले. त्यांना तीन मुले झाली. लग्न करावयाचे होते, ते राहून गेले. जानेवारी २०२१ मध्ये बाई वारली. तिकडे प्रत्येक कामगाराच्या पगारातून सामाजिक विम्याची वर्गणी कापली जाते, आणि त्या वर्गणीवर विधवेला किंवा विधुराला निवृत्तिवेतन मिळते. या गृहस्थाने अर्ज केला. खात्याने कळविले की, आपले लग्न झालेले नव्हते, सबब आपण विधुर नाही. तो कोर्टात गेला. खालच्या न्यायालयात २०२२ साली हरला. सर्वोच्च न्यायालयात २२ जानेवारी २०२४ रोजी जिंकला.

न्यायालयाने काय म्हटले ते नीट पाहिले पाहिजे, कारण त्याचा विपर्यास फार झाला. घटनेतील 'कुटुंब' म्हणजे विवाहावर आधारलेले कुटुंबच, हे न्यायालयाने बदलले नाही. त्याने समतेचे कलम हातात घेतले आणि एक साधा प्रश्न विचारला : हे निवृत्तिवेतन कशासाठी आहे? घरातला एक कमावता किंवा राबता माणूस गेला, तर जी ओढाताण होते तीत हातभार लागावा म्हणून. मग आईबापांचे लग्न झालेले असो वा नसो, मुलांना वाढविण्याची जबाबदारी तीच, आणि माणूस गेल्यावर होणारी ओढाताणही तीच. असे असताना एका घराला द्यावयाचे आणि दुसऱ्याला नाही, याला आधार काय? आधार सापडला नाही, म्हणून तेवढी अट घटनाबाह्य ठरली.

यानंतर अवघ्या दीड महिन्याने, ८ मार्च २०२४ रोजी, त्या देशात सार्वमत झाले. घटनेतील कुटुंबाच्या व्याख्येत विवाहाबरोबरच इतर टिकाऊ नात्यांचाही समावेश करावा काय, असा प्रश्न होता. सुमारे ६८ टक्के लोकांनी 'नाही' म्हणून मत दिले. आपल्याकडच्या एका वर्तमानपत्री लेखात मी वाचले की, पाहा, आयरिश लोक परंपरेकडे वळले. मला ते तितके सोपे वाटत नाही. 'टिकाऊ' म्हणजे किती टिकाऊ, कोणी ठरवावयाचे, हे सरकारला नीट सांगता आले नाही, अशी तक्रार त्या प्रचारात सारखी होत होती. अर्थ न कळलेल्या कागदावर अंगठा उठवू नये, हे कामगारांना आम्हीच शिकवितो. तेव्हा त्या मतदारांना मी लगेच मागासलेले म्हणणार नाही. पण परिणाम असा झाला की, एकीकडे न्यायालयाने सांगितले, त्या घराला भाकरी द्या; दुसरीकडे लोकांनी सांगितले, त्या घराला घटनेत 'कुटुंब' म्हणू नका. या दोहोंच्या मध्ये संसदेने कायदा करावयाचा होता.

हा पेच एवढा अवघड का, हे कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. विधवांना निवृत्तिवेतन देणारा कायदा तेथे १९३५ साली झाला. विधुराला असे निवृत्तिवेतन मिळू लागले १९९४ साली, म्हणजे एकोणसाठ वर्षांनी. तोपर्यंत कायद्याची समजूत अशी की, पुरुष मेला तर घर बुडते, बाई मेली तर फक्त स्वयंपाकाची अडचण होते! आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, आयर्लंडमध्ये घटस्फोटालाच घटनेने बंदी होती. ही बंदी १९९५ च्या सार्वमताने उठली, तीही केवळ नऊ हजारांच्या आसपास मतांच्या फरकाने. तोवर नवरा-बायको कितीही वर्षे वेगळी राहोत, कायद्याने ती नवरा-बायकोच. नवरा दुसरीकडे नवा संसार थाटी, तेथे मुले होत, पण त्या दुसऱ्या स्त्रीशी लग्न करण्याची वाटच बंद. घटस्फोट मिळू लागला तरी आधी पाचांपैकी चार वर्षे वेगळे राहावे लागे; ती अट २०१९ साली कमी झाली. म्हणजे लग्न न करता राहिलेली सगळीच माणसे लग्नाला तुच्छ मानणारी नव्हती. ज्या राज्याने पुष्कळांना लग्नाच्या दाराबाहेर उभे केले, तेच पुढे त्यांना म्हणाले, तुम्ही आत का आला नाहीत?

आता मी मला सर्वांत जास्त खटकलेल्या गोष्टीकडे येतो. विधवेचे निवृत्तिवेतन सुरू असताना ती एखाद्या पुरुषाबरोबर लग्नाशिवाय राहू लागली, तर ते बंद करण्याचा नियम आयर्लंडमध्ये होता. इंग्लंडच्या विधवा-वेतनातही तसाच होता. तेथे खात्याचे तपासनीस घरी येत, दाराशी पुरुषी जोडे आहेत का, दोरीवर पुरुषाचा सदरा वाळतो आहे का, असली पाहणी करीत. १९७० च्या सुमारास या प्रकाराविरुद्ध तेथील बायकांनी मोठी ओरड केली होती. म्हणजे बिनलग्नाचा संसार सरकारला दिसत नव्हता असे नाही. पैसे बंद करावयाचे असले की तो अगदी स्वच्छ दिसे. पैसे द्यावयाची वेळ आली की मात्र सरकार म्हणे, अशा खाजगी गोष्टींत आम्ही कसे डोकवावे, पुरावा कोठून आणावा? आमच्या गिरणीचा टाइमकीपर असा होता. उशिरा आलेला माणूस त्याला शंभर पावलांवरून दिसे, जादा थांबलेला टेबलासमोर उभा राहिला तरी दिसत नसे.

गरज पडली म्हणजे सरकारला पुरावाही मिळतो, याचे एक जुने उदाहरण आहे. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश सरकारला सैनिक हवे होते. सैनिक आघाडीवर गेला की त्याच्या पत्नीला घरभत्ता मिळे. पण हजारो गरीब शिपाई असे निघाले की, ज्यांच्या घरात बाई होती, मुले होती, लग्नाचा दाखला नव्हता. तेव्हा सरकारने ठरविले की, भरतीपूर्वी त्या शिपायाने खरोखर घर चालविले होते असे दिसले तर त्या बाईलाही भत्ता द्यावा. सरकारी व्यवहारात त्यांना 'अविवाहित पत्नी' असे म्हणत. नीतिमान मंडळींनी निषेध केला, पण भत्ते गेले. साम्राज्याला बंदूक धरणारे हात हवे होते, तेव्हा शेजाऱ्याची साक्ष, घरमालकाची साक्ष, सगळे चालले. युद्ध संपल्यावर शांततेच्या काळासाठी १९२५ साली तेथे आठवड्याला दहा शिलिंगांचे विधवा-वेतन आले, ते मात्र लग्नाच्या दाखल्यावर.

आणि त्याच राज्याच्या फौजेत शहाऐंशी वर्षांनी काय घडले ते पाहा. सप्टेंबर २००० मध्ये आफ्रिकेतील सिएरा लिओन देशात ओलिसांची सुटका करताना एक ब्रिटिश सैनिक मारला गेला. त्याच्याबरोबर राहणारी स्त्री तेव्हा गरोदर होती. लग्न नाही, म्हणून विधवा-वेतन नाही. वर्तमानपत्रांत गवगवा झाला, संसदेत प्रश्न झाले. अखेर २००३ साली, इराकच्या लढाईच्या तोंडावर, अशा जोडीदारांसाठी नियम बदलला, आणि २००५ पासूनच्या नव्या सैनिकी योजनेत ते कायमचे आले. पुन्हा लढाईच! गिरणीत, बसवर, इस्पितळात मेलेल्या माणसाच्या मागच्यांना आणखी थांबावे लागले.

बसवरून आठवले. उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातील आयर्लंडमध्ये, सार्वजनिक वाहतुकीत पंधरा वर्षे नोकरी केलेला एक कामगार होता. दहा वर्षे तो एका स्त्रीबरोबर राहत होता. २००९ साली नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी वाङ्‌निश्चय केला आणि दोन दिवसांत तो अचानक वारला. तेथील निवृत्तिवेतन योजनेत बिनलग्नाच्या जोडीदाराला हक्क देणारा नियम तेव्हा आलेला होता. पण अट अशी की, कामगाराने हयातीत एक छापील फॉर्म भरून त्या जोडीदाराचे नाव कळविलेले असले पाहिजे. खात्याकडे तसा फॉर्म निघाला नाही. लग्न झालेल्या कामगाराला असला कोणताच फॉर्म भरावा लागत नव्हता. ती बाई सात वर्षे कोर्टात झगडली; एकदा जिंकली, वर हरली, आणि ८ फेब्रुवारी २०१७ रोजी लंडनच्या सर्वोच्च न्यायालयात पाचही न्यायमूर्तींनी तिच्या बाजूने निकाल दिला. नाते खरे होते याविषयी कोणालाच शंका नाही. मग एका कागदासाठी तिला का नाकारता, एवढाच प्रश्न होता. इंग्लंडमध्ये तर ही फॉर्मची अट २०१४ सालीच काढून टाकलेली होती.

हा फॉर्म तुम्ही ध्यानात ठेवा. मी त्याच्याकडे परत येणार आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनच्या संसदेपुढे विधेयक आले. जुने 'विधवा-विधुर' हे नाव जाऊन 'शोकग्रस्त जोडीदाराचे निवृत्तिवेतन' असे नाव आले. लग्न न करता राहणाऱ्यांसाठी कसोटी अशी ठेवली की, जवळीकीचे व बांधिलकीचे नाते असून जोडपे एकत्र राहिलेले असावे. मुले असल्यास दोन वर्षे, नसल्यास पाच. ही कसोटी नवी नव्हती, सहनिवास करणाऱ्यांविषयीच्या २०१० च्या त्यांच्या कायद्यात ती होतीच. जुलै २०२५ मध्ये विधेयकाचा कायदा झाला. ब्रिटनमध्ये असाच निकाल ऑगस्ट २०१८ मध्ये लागला होता, एका चार मुलांच्या आईच्या खटल्यात. तेथे तो अमलात यायला फेब्रुवारी २०२३ उजाडला, आणि तोही ज्यांना मुले आहेत त्यांच्यापुरताच. त्या मानाने आयरिश संसदेने उदारपणा दाखविला असे म्हटले पाहिजे.

पण त्याच मसुद्यात दुसरे एक कलम होते, आणि वादाची खरी धग तेथे होती. घटस्फोट झालेल्या किंवा विभक्त राहणाऱ्या जुन्या जोडीदाराला आयर्लंडमध्ये आतापर्यंत हे निवृत्तिवेतन मिळू शकत असे. वर सांगितलेल्या इतिहासामुळेच ते तसे होते : नवऱ्याने टाकलेली बाई कायद्याने पत्नी राही, तो मेला म्हणजे विधवा होई, आणि निदान तेवढे तरी तिच्या हाती लागे. मसुद्यात म्हटले होते की, यापुढे नव्याने असा हक्क उत्पन्न होणार नाही. ज्यांना आधीच मिळत आहे त्यांचे चालू राहील. सरकारचा मुद्दा असा की, निवृत्तिवेतन ज्याचा जोडीदार गेला त्याच्यासाठी आहे, आणि विभक्त झालेल्यांचे नाते तर आधीच संपलेले आहे. विरोधकांनी आणि एकट्या पालकांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी विचारले की, न्यायालयाने तुम्हाला एका घराला द्या म्हणून सांगितले होते. दुसऱ्याकडून काढून घ्या असे कोठे सांगितले?

मी या प्रश्नावर पुष्कळ दिवस विचार केला आणि मंडळी, मला तो सोपा वाटत नाही. सरकारच्या मुद्द्यात तथ्य आहे. वीस वर्षांपूर्वी वेगळे झालेल्या माणसाच्या मृत्यूने आज घरात काय तूट येते? पण कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यापुढे दुसरेच चित्र येते. बाई लग्नानंतर नोकरी सोडते, दहा-पंधरा वर्षे मुले आणि सासूसासरे सांभाळते, मग नवरा निघून जातो. तिच्या स्वतःच्या वर्गणीची ती पंधरा वर्षे कोरी राहिली. त्या काळात नवऱ्याने जी वर्गणी भरली, ती भरता आली ती तिने घर धरून ठेवले म्हणून. तेव्हा त्या पंधरा वर्षांवर तिचा काही हक्क आहे, तो नाते संपले म्हणून संपत नाही. ज्याने पुढची पंधरा वर्षे संसार केला त्याचा पुढच्या वर्षांवर आहे. वर्षांच्या हिशेबाने वाटणी करता येईल. हिशेब अवघड असेल, पण भविष्यनिर्वाह निधीवरचे व्याज ज्यांना पैशापर्यंत काढता येते त्यांना हा येणार नाही असे मी मानीत नाही. नव्या घराला द्यावयाचे म्हणून जुन्या घराच्या ताटातले उचलावे, हा मला मालकाचा हिशेब वाटतो. नवी पगारवाढ मागितली की जुना भत्ता रद्द करून दाखवितात, तसा.

एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, नाहीतर आपण म्हणाल वक्त्याने सोयीचे तेवढे सांगितले. लग्न हे चार लोकांसमोर घेतलेले बंधन आहे. त्यात नुसते हक्क नाहीत, पोटगीची जबाबदारी आहे, वारसा आहे. ज्यांनी ती जबाबदारी जाणूनबुजून टाळली, त्यांना फायदे मात्र का द्यावेत? नोंदणी विवाहाला खर्च तो किती? याला माझे उत्तर अर्धेच आहे. ज्यांना लग्न करता येत होते आणि विचारपूर्वक केले नाही, त्यांच्याविषयी मी फार भांडणार नाही, जरी पगारातून वर्गणी कापताना त्यांना लग्नाचा दाखला कोणी मागितला नव्हता, हे खरेच आहे. पण इंग्लंडमध्ये २०१९ साली एक पाहणी झाली, तीत निम्म्याच्या जवळपास लोकांची समजूत अशी निघाली की, बरीच वर्षे एकत्र राहिले म्हणजे कायद्याने आपोआप लग्नच होते. तसे तेथे काही नाही. माणसे जाणूनबुजून टाळतात असे आपण समजतो. पुष्कळदा त्यांना माहीतच नसते, नाहीतर वेळच मिळत नाही, नाहीतर मार्गच नसतो.

मार्ग नसलेल्या एका बाईची हकीकत आता सांगतो. ती सांगण्यासाठीच हा विषय घेतला म्हटले तरी चालेल.

पंचवीस एक वर्षांपूर्वी एका सूतगिरणीत आमची युनियन होती आणि मी तिचा चिटणीस होतो. तेथे एक फिटर होता. त्याच्या घरी मी कितीदा चहा प्यायलो असेन. घरात जी बाई होती तिला तिच्या नवऱ्याने लग्नानंतर दोन वर्षांत टाकले होते आणि तो परागंदा झाला होता. सोडचिठ्ठी नव्हती. तो मेला की जिवंत, माहीत नव्हते. सात वर्षे ज्याची खबर नाही तो मेला असे समजावे, असे १८७२ च्या पुरावा कायद्यात होते, आणि त्याजागी आलेल्या २०२३ च्या कायद्यातही आहे. पण ते कोर्टातून ठरवून घ्यावे लागते, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते, मलाही नाही. पहिले लग्न उभे असताना दुसरे केले तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ते रद्दबातल. तेव्हा ती दोघे तशीच राहिली, चौदा वर्षे. मूलबाळ नव्हते. आळीत तिला कोणी काय म्हणत असे ते मी सांगत नाही. अशा बाईला आपल्या भाषेत जे शब्द आहेत ते सभेत उच्चारण्यासारखे नाहीत, आणि तसल्या पुरुषाला मात्र एकही शब्द नाही. मी तिला वहिनी म्हणत असे.

फिटर छातीत दुखून एका रात्रीत गेला. आमच्या युनियनचा मृत्यू साहाय्य निधी होता; प्रत्येक सभासदाने महिन्याला पाच रुपये द्यावयाचे आणि सभासद वारला की ठरावीक रक्कम घरी पोचवावयाची. नियमात लिहिले होते : पत्नी व मुले, त्यांच्या अभावी आईवडील, त्यांच्या अभावी भाऊ. आईवडील नव्हते. भाऊ गावाहून आला. अकरा वर्षांत त्याने फिटरच्या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. बाई शिधापत्रिका घेऊन आली. तीत तिचे नाव 'पत्नी' म्हणून होते. कार्यकारिणीत दोघातिघांनी म्हटले, बाईला देऊ या. मी नियम वाचून दाखविला. आज आपण नियम मोडला तर उद्या कोणीही उठून येईल, असे बोललो. माझा शब्द तेव्हा चाले. पैसे भावाला गेले.

तिला सांगण्याचे काम माझ्याकडे आले. त्या दिवशी मी तिला 'बाई' म्हटले. तिने ते ऐकले. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "भाऊ, महिनाअखेरीला ती पाच रुपयांची वर्गणी माझ्या विड्यांच्या पैशातून जात होती. पावत्या डब्यात आहेत, आणून दाखवू का?"

मी नको म्हणालो.

निवृत्तिवेतन ही मालकाची बक्षिशी नव्हे, झालेल्या श्रमाचे ते राहिलेले देणे आहे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारांच्या खटल्यात सांगितले आणि निवृत्त मंडळी तो दिवस पाळतात. मी ते सभांतून शेकडो वेळा सांगितले होते. पण श्रम कोणाचे, हे मी कधी विचारले नव्हते. पहाटे चारला उठून पाळीचा डबा करणारे हात त्या श्रमात धरावयाचे की नाही? तो प्रश्न मला पुस्तकाने विचारला नाही.

नियम बदलायला आम्हाला पुढे सहा वर्षे लागली, आणि आयरिश संसदेला दीड वर्ष लागले म्हणून हसण्याचा मला अधिकार नाही. आता आमच्या निधीत असे आहे की, सभासद ज्या घरातून कामावर येत होता त्या घराला पैसे द्यावेत. खात्यातले दोन सोबती आणि शेजारचे एक जण यांची सही घ्यावी. लग्नाची बायको वेगळी असेल तर तिलाही बोलवावे आणि दोघींचे ऐकावे. सगळे सुरळीत झाले असे समजू नका. एका वेळी दोघी जणी कचेरीत समोरासमोर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत कोणी कोणाकडे पाहिले नाही. अर्धेअर्धे वाटले. दोघीही रागाने गेल्या. दोघींनाही मी दोष देत नाही.

आपल्या देशाच्या कायद्यात काय आहे, हे थोडक्यात सांगतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने लग्नासारख्या नात्यातल्या स्त्रीला संरक्षण दिले. परंतु ते मारहाण, निवारा, पोटगी यांपुरते. निवृत्तिवेतनाचे नियम वेगळे आहेत. १९९५ च्या कामगार निवृत्तिवेतन योजनेत आधी विधवा अथवा विधुर आणि मुले येतात. सभासदाला कायद्याच्या अर्थाने कुटुंबच नसेल, तर त्याने ज्याचे नाव नोंदविले असेल त्या व्यक्तीला निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद त्यात आहे. म्हणजे आमच्या फिटरचे लग्न झालेले नव्हते, आणि त्याने तिचे नाव हयातीत नोंदविले असते, तर निदान त्या योजनेतून तिला काही मिळण्याचा मार्ग होता. त्याचा फॉर्म मी नंतर पाहिला. नोकरीला लागला त्या आठवड्यात भरलेला होता. नामनिर्देशित व्यक्तीच्या रकान्यात त्याच्या आईचे नाव होते. आई नऊ वर्षांपूर्वीच वारली होती.

मघा ध्यानात ठेवा म्हटले तो फॉर्म हा. बेलफास्टकडच्या बाईच्या मागे सर्वोच्च न्यायालय उभे राहिले. प्रत्येकीच्या मागे ते उभे राहील असे नाही. म्हणून मी आज थोडे कोरे फॉर्म बरोबर आणले आहेत. भविष्यनिर्वाह निधीचे आणि निवृत्तिवेतन योजनेचे नामनिर्देशनाचे. दाराशी टेबलावर आमच्या युनियनचे दोन कार्यकर्ते बसले आहेत. ज्यांनी आपला फॉर्म दहा-वीस वर्षांत पाहिलेला नाही त्यांनी एक घेऊन जावा. ज्यांना आता संगणकावर भरावयाचा आहे त्यांना कोठे, कसा, तेही ते सांगतील. लिहिता येत नसेल तर लिहून देतील. कोणाचे नाव घालता, हे विचारणार नाहीत. अध्यक्षमहाराजांनी मला दिलेली वेळ संपली आहे; प्रश्न असतील तर मी थांबलो आहे.